नावं दिसण्याआधी ठरवा: माध्यमं आणि सामाजिक विषमता या विषयाचा प्राध्यापक निवडताना

विभागाला एक जागा मंजूर झाली आहे, विषय आहे ‘माध्यमं आणि सामाजिक विषमता’, आणि निवड समितीच्या यादीत तुमचं नाव पहिल्यांदाच आलं आहे. अशा नवख्या सदस्यासाठी हा लेख आहे. नेमणुकीचे नियम देशोदेशी वेगळे असतात. कुठे गुणांचा तक्ता सरकारच ठरवून देतं, कुठे विभाग जवळपास सगळं स्वतः ठरवतो. त्यामुळे आपल्या विद्यापीठाची नियमावली आधी वाचून काढा, भेदभावविरोधी कायदा आणि आरक्षणाच्या तरतुदी असतील तर त्याही. बाकीचं ज्यावर अवलंबून असतं तो समितीचा निर्णय कितीही कडक नियमांत उरतोच, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

माझं सगळं सांगणं एका वाक्यात बसतं: जे ठरवायचं ते उमेदवारांची नावं दिसण्याआधी ठरवा, लिहून ठेवा आणि नंतर त्याला धरून राहा. ऐकायला हे सोपं वाटतं. समित्या मात्र नेमकं उलट करतात.

जागा नेमकी कशासाठी?

पहिल्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, “मागची जाहिरात आहे ना, तीच थोडी बदलून टाकू.” तिथेच थांबवा. ‘माध्यमं’ हा शब्द मोठा, ‘विषमता’ त्याहून मोठा. दोन्ही जोडले की त्यात कोणीही बसतं, आणि समितीतले पाच जण पाच वेगळ्या माणसांची वाट बघू लागतात. हे मतभेद जाहिरातीआधी बाहेर आले तर त्यांची चर्चा होते, मुलाखतीनंतर आले तर भांडण होतं.

तुमचा स्वतःचा विषय वेगळा असेल तर या क्षेत्रात काय काय चालतं याचा थोडा अंदाज हवा.

काही अभ्यासक बातम्यांत, मालिकांत, जाहिरातींत कोण दिसतं आणि कसं दिसतं हे बघतात. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प १९९५ पासून दर पाच वर्षांनी अनेक देशांतल्या एका ठरावीक दिवसाच्या बातम्या तपासतो. बातमी ज्यांच्याविषयी आहे किंवा बातमीत ज्यांचं म्हणणं घेतलं आहे अशा माणसांत स्त्रियांचं प्रमाण १९९५ मध्ये १७ टक्के होतं, २०२० मध्ये २५ टक्के. पाव शतकात एवढीच चाल.

काही जण पडद्यामागे बघतात: मालकी कोणाची, न्यूजरूममध्ये कोण, बढती कोणाला. अमेरिकेतल्या वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं होतं की २००० सालापर्यंत न्यूजरूममधलं अल्पसंख्याकांचं प्रमाण देशाच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं व्हावं. ते गाठलं गेलं नाही. संघटना दरवर्षी मोजणी करत होती, इच्छाही जाहीर केलेली होती, तरी असं का झालं, हा आजही चांगल्या संशोधकाला पुरेल असा प्रश्न आहे.

तिसरा धागा माहिती कोणापर्यंत पोचते याचा. फिलिप टिचेनर, जॉर्ज डोनोह्यू आणि क्लॅरिस ओलियन यांनी १९७० मध्ये ‘ज्ञानदरी’ची कल्पना मांडली. समाजात माहितीचा ओघ वाढला की सगळेच सारखे जाणकार होतील, ही आशा त्यांनी तपासली. शिक्षण आणि सांपत्तिक स्थिती बरी असलेले लोक नवी माहिती लवकर उचलतात, त्यामुळे ओघ वाढल्यावर दरी बुजण्याऐवजी रुंदावू शकते, असं त्यांचं म्हणणं. इंटरनेट आल्यावर हा वाद नव्याने पेटला आणि अजून विझलेला नाही.

चौथा, आणि सध्या सर्वांत गर्दीचा, अल्गोरिदमचा. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा बघून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अशा कामाला संगणकाचं ज्ञान लागतं, पण सुरुवातीचा प्रश्न समाजशास्त्राचा असतो: सरासरी बरी दिसते तेव्हा तिच्याखाली कोण दबलेलं आहे?

मग देशादेशांतल्या विषमतेचा अभ्यास आहे. मोजक्या श्रीमंत देशांतल्या वृत्तसंस्थांकडून बाकी जगाकडे वाहणाऱ्या बातम्यांचा वाद युनेस्कोत पेटला होता, आणि शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८० मध्ये त्यावर अहवाल दिला. आणि शेवटी, ज्यांना कोणी बोलू देत नाही त्यांनी स्वतः काढलेल्या माध्यमांचा अभ्यास. न्यूयॉर्कमध्ये १८२७ साली कृष्णवर्णीयांनी सुरू केलेलं ‘फ्रीडम्स जर्नल’, डॉ. आंबेडकरांचं ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेलं ‘मूकनायक’, आणि आजचे असंख्य यूट्यूब चॅनेल, या सगळ्यांना जोडणारी ही रेघ आहे.

आता समितीतल्या प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा. पाच वर्षांनी ही व्यक्ती कोणत्या प्रश्नासाठी ओळखली जावी? आणि आपल्या विद्यार्थ्यांना आज न मिळणारे कोणते दोन पेपर तिने शिकवावेत? कागद गोळा करून मोठ्याने वाचा. उत्तरं जुळली नाहीत तर जाहिरात लिहायची वेळ अजून आलेली नाही. यात एक बैठक जादा गेली तरी जाऊ द्या.

एक मोह टाळा: एकाच माणसात सगळं शोधण्याचा. वर्गीय विषमता, लिंगभाव, वंश, जात, वसाहतवाद, शिवाय मशीन लर्निंग, शिवाय पत्रकारितेचा अनुभव, शिवाय अनुदान मिळवण्याची हातोटी. असा उमेदवार नसतो. तरी जाहिरात तशीच काढली की ज्यांना स्वतःबद्दल अवास्तव खात्री आहे तेच अर्ज करतात.

कसोट्या आधी, अर्ज नंतर

हे का सांगतो त्याला प्रयोगाचा आधार आहे. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ मध्ये लोकांना पोलिसप्रमुखाच्या जागेसाठी उमेदवार तपासायला दिले. कुठे उमेदवार उच्चशिक्षित, कुठे रस्त्यावरचा अनुभव असलेला, आणि नाव कधी पुरुषाचं, कधी स्त्रीचं. पुरुष शिकलेला असेल तेव्हा लोकांनी ‘या पदाला शिक्षण महत्त्वाचं’ असं म्हटलं. त्याच्याकडे शिक्षण नसेल तेव्हा शिक्षणाचं महत्त्वही उतरलं. म्हणजे आधी माणूस आवडला आणि मग कसोटी त्याच्या मापाने कापली गेली. यातल्या कोणालाही आपण पक्षपात करतोय असं वाटत नव्हतं. उलट आपण वस्तुनिष्ठ आहोत अशी ज्यांना जास्त खात्री, तेच जास्त घसरले. उमेदवार दाखवण्याआधीच कसोट्यांचं महत्त्व ठरवून घेतलं तेव्हा हा पक्षपात गेला.

म्हणून चार-पाच कसोट्या, प्रत्येकीचं वजन आणि प्रत्येकीसमोर ‘पुरावा कशाला म्हणायचं’ हे लिहा. ‘संशोधनाचा दर्जा उत्तम’ ही कसोटी होत नाही. ‘लेखन नमुन्यात प्रश्न, पद्धत आणि पुरावा यांची सांगड दिसते’ ही होते. ‘शिकवण्याची क्षमता’ असं नुसतं लिहू नका. ‘वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी आखलेला अभ्यासक्रम आणि त्यातल्या निवडींचं स्पष्टीकरण’ असं लिहा.

‘आपल्यात मिसळेल का’ ही कसोटी यादीत नको. ती न लिहिताही येतेच, चहाच्या वेळी, जिन्यात. कोणी ती काढली तर शांतपणे विचारा, “म्हणजे नेमकं काय?” बहुतेक वेळा उत्तर असतं की तो किंवा ती आपल्यासारखी बोलते.

समितीत कोण

इथे थोडक्यात. वेगवेगळ्या पद्धतींचा किमान एकेक जाणकार हवा, नाहीतर आकडेवाल्याचं काम वाचायला फक्त मुलाखतीवाले आणि मुलाखतीवाल्याचं वाचायला फक्त आकडेवाले उरतात. विभागाबाहेरचा एक सदस्य असावा. हितसंबंध लेखी कळवा: मार्गदर्शक, सहलेखक, नातेवाईक, जवळचा मित्र, जुना शत्रूसुद्धा. आणि विभागातल्या वंचित गटातल्या एकमेव प्राध्यापकाला प्रत्येक समितीवर बसवण्याची सवय सोडा. अमाडो पाडिया यांनी १९९४ मध्ये याला ‘सांस्कृतिक कर’ म्हटलं होतं. प्रतिनिधित्वाच्या नावाखाली त्याच माणसाचा संशोधनाचा वेळ जातो आणि पुढे बढतीच्या वेळी ‘प्रकाशनं कमी’ म्हणून त्यालाच ऐकावं लागतं. बसवलंच तर दुसरं एखादं काम कमी करून द्या.

जाहिरात

अनिवार्य अटी कमीत कमी ठेवा. पीएचडी पूर्ण हवी की प्रबंध सादर केलेला चालेल, रुजू होण्याची तारीख, कोणत्या भाषेत शिकवायचं, नेमणूक कायम की मुदतीची, पगाराची श्रेणी. पगार न सांगणाऱ्या जाहिराती मला पटत नाहीत. ज्यांचे मित्र आधीच विद्यापीठांत आहेत त्यांना आकडा कळतोच, बाकीचे अंधारात राहतात.

विषयाच्या वर्णनात विभागाचं नाव पुरत नाही. हे काम करणारी माणसं माध्यमशास्त्रात, समाजशास्त्रात, राज्यशास्त्रात, स्त्री-अभ्यासात, माहितीशास्त्रात आणि संगणकशास्त्रातही विखुरलेली असतात. ‘संबंधित विषयातली पीएचडी चालेल’ एवढं लिहून थांबू नका, ते विषय नावानिशी लिहा. आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटना १९५० पासून आहे, युनेस्कोच्या पुढाकारातून झालेली माध्यम आणि संज्ञापन संशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून. दोन्हींकडे जाहिरात जायला हवीच, पण समाजशास्त्र आणि इंटरनेट संशोधनाच्या संघटनांकडेही. शिवाय प्रत्येक सदस्याने आपल्या ओळखीबाहेरच्या माणसांना पत्र लिहावं: छोट्या विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांना, इतर भाषांत प्रकाशित करणाऱ्यांना. जाहिरात टाकून वाट बघत बसलं की नेहमीच्याच वाटेने नेहमीचेच लोक येतात.

पहिल्या फेरीत थोडीच कागदपत्रं मागा: अर्ज-पत्र, बायोडेटा, एक लेखन नमुना, संशोधनाचं दोन पानी निवेदन. शिफारसपत्रं फक्त छाननीतून पुढे आलेल्यांचीच मागवा. शंभर अर्जदारांकडून प्रत्येकी तीन पत्रं म्हणजे तीनशे प्राध्यापकांच्या तीनशे संध्याकाळी, आणि त्यातली बहुतेक कोणी वाचणारही नसतं.

अर्ज वाचणं

इथे वेळ घाला. प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा, तक्त्यात गुण आणि एका ओळीचं कारण लिहावं आणि मगच एकमेकांशी बोलावं. आधी बोललात तर ज्येष्ठाचं मत सगळ्यांचं मत होतं.

बायोडेटा वाचताना विद्यापीठाच्या नावाशी डोळे अडखळतात, सगळ्यांचेच. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या नेमणुकांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकेतच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक फक्त २०.४ टक्के विद्यापीठांतून आलेले निघाले. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या माणसाची जागा हीच चाळणी लावून भरायची असेल तर निदान कळत असताना तरी भरा. सोपा उपाय असा: पहिल्या वाचनात लेखन नमुना आधी, बायोडेटा नंतर.

नियतकालिकाच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’वर (त्यातल्या लेखांचा इतरत्र सरासरी किती वेळा हवाला दिला जातो त्या आकड्यावर) लेखाची किंमत ठरवू नये, हे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे आणि अनेक विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे. आपल्या विद्यापीठाची सही असेल तर समितीला तिची आठवण करून द्या. या क्षेत्रात लेखांची संख्या तशीही फसवी असते. वस्तीत, कारखान्यात किंवा न्यूजरूममध्ये दोन वर्षं राहून काम करणाऱ्याचं एक पुस्तक येईपर्यंत, सोशल मीडियावरच्या पोस्टांचा मोठा साठा संगणकावर तपासणाऱ्याचे सहलेखकांसह आठ लेख येऊन जातात. दोन्ही कामं खरी आहेत. पहिल्याला विचारा, एवढ्या काळात प्रश्न कसा बदलत गेला? दुसऱ्याला विचारा, या आठांपैकी तुमचं स्वतःचं काय?

पद्धत तपासताना एक ताजा मुद्दा विसरू नका. सोशल मीडियावरच्या कामाचा पाया कंपन्यांनी दिलेल्या डेटावर उभा असतो आणि ती वाट कधीही बंद होते. ट्विटरने संशोधकांची मोफत वाट २०२३ मध्ये बंद केली, फेसबुकची मालक कंपनी मेटाने सार्वजनिक पोस्टांचा माग काढणारं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यामुळे ज्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात एकाच कंपनीच्या डेटावर सगळी भिस्त आहे त्याला दुसरी योजना विचारली पाहिजे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने संशोधकांना मोठ्या प्लॅटफॉर्मचा डेटा मागण्याची सोय केली आहे. ती उमेदवाराला माहीत आहे का, तिच्या मर्यादा माहीत आहेत का, यावरूनही बरंच कळतं.

दुसरा मुद्दा संमतीचा. विषमतेच्या अभ्यासात बहुतेक वेळा दुबळ्या माणसांचं आयुष्य उघडं होतं. त्यांची परवानगी कशी घेतली, नावं कशी लपवली, सार्वजनिक पोस्ट जशीच्या तशी उद्धृत केली का (ती शोधयंत्रात टाकली की माणूस सापडतो), हे लेखन नमुन्यातच दिसतं. आणि उमेदवाराने कधी वरच्यांचा अभ्यास केला आहे का? मालक, संपादक, जाहिरात खातं, प्लॅटफॉर्म कंपनी? फक्त गरिबांचे मोबाइल तपासून विषमता पुरती कळत नाही. हा माझा जुना हट्ट आहे, समितीने तो मानलाच पाहिजे असं नाही.

आता या जागेचा सगळ्यात अवघड भाग. विषमतेवरचं काम वाचताना समिती दोन बाजूंनी घसरते. एका बाजूला “हे संशोधन नाही, ही चळवळ आहे” असं म्हणून चांगलं काम बाजूला टाकलं जातं. दुसऱ्या बाजूला बाजू आपल्या मनासारखी आहे म्हणून कच्ची पद्धत खपवून घेतली जाते. दोन्हींवर एकच प्रश्न चालतो: कोणता पुरावा मिळाला असता तर या लेखकाला आपला निष्कर्ष बदलावा लागला असता? लेखात त्याची जागा दिसत असेल तर लेखक कितीही तळमळीने बोलो, ते संशोधन आहे. दिसत नसेल तर कितीही कोरड्या भाषेत लिहिलेलं असलं तरी नाही.

याच्याशी जोडून एक. ज्या गटावर अन्याय झाला त्याच गटातून आलेल्या उमेदवाराला “तुम्ही वस्तुनिष्ठ कसे राहता?” असं विचारलं जातं. संपादकांच्या घरात वाढून वृत्तपत्रांचा अभ्यास करणाऱ्याला ते कोणी विचारत नाही. प्रश्न चांगला आहे. विचारायचा असेल तर सगळ्यांना विचारा.

शिफारसपत्रं वाचताना हात आखडता ठेवा. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या यशस्वी उमेदवारांची तीनशेहून अधिक पत्रं तपासली. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंकेची पाचर मारणारी वाक्यं जास्त होती. शिवाय पत्रं लिहिण्याची रीत देशागणिक बदलते: कुठे साधा विद्यार्थीही ‘पिढीतला सर्वोत्तम’ असतो, कुठे ‘काम समाधानकारक’ ही मोठी दाद असते. पत्रातली विशेषणं सोडा आणि घडलेल्या गोष्टी टिपा.

छोटी मुलाखत

दहा-बारा जणांची ऑनलाइन मुलाखत, प्रत्येकाला सारखा वेळ, तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण. नोकरभरतीवरच्या संशोधनात अशी आखीव मुलाखत गप्पांच्या ओघातल्या मुलाखतीपेक्षा सातत्याने जास्त भरवशाची ठरली आहे. गप्पांत उमेदवार किती गोड बोलतो एवढंच कळतं. प्रश्न एक दिवस आधी पाठवले तरी चालतात. उत्तर पाठ करून प्राध्यापक होता येत नाही, आणि बोलण्याची भाषा ज्याची दुसरी किंवा तिसरी आहे त्याला न्याय मिळतो.

मी विचारीन ते प्रश्न असे. तुमच्या कामातला एखादा निष्कर्ष सांगा जो तुम्हाला स्वतःला अनपेक्षित होता. माध्यमांमुळे विषमता वाढते आणि विषमतेमुळे माध्यमं तशी होतात, या दोन्हींपैकी तुमच्या अभ्यासात काय दिसतं, आणि दोन्ही वेगळं कसं करता? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘विषमता’ शिकवायची, वर्गात तिचा फायदा झालेले आणि तिचे चटके बसलेले दोघेही बसले आहेत. पहिल्या तासाला काय कराल? तुमच्या मताच्या विरोधात जाणारं कोणाचं काम तुम्हाला मानावंसं वाटतं?

शेवटचा प्रश्न निर्णायक असतो. उत्तरात नाव आणि कारण आलं तर मी पुढे ऐकतो. “असं बरंच आहे” एवढंच आलं तर तक्त्यात गुण कापतो.

भेटीचा दिवस

तीन-चार जणांना विद्यापीठात बोलवा. प्रवासाची आणि राहण्याची सोय विद्यापीठाने आधीच करावी. “तुम्ही तिकीट काढा, पैसे नंतर मिळतील” यात कर्जावर जगणारा संशोधक महिनोन्महिने अडकतो, आणि हे सगळं कुठल्या विषयाच्या जागेसाठी चाललं आहे तेवढं लक्षात घ्या. व्हीलचेअर, खुणांच्या भाषेचा दुभाषी, बाळाला पाजायला खोली, प्रार्थनेची वेळ, आहाराचे नियम: काय लागेल ते सगळ्यांनाच एका ओळीत विचारा, म्हणजे कोणाला मुद्दाम मागावं लागत नाही.

दिवसभरात साधारण तीन गोष्टी होतात: संशोधनावरचं व्याख्यान, एक खरा वर्ग आणि भेटीगाठी. व्याख्यानाच्या गर्दीत विभागातला एखादा ज्येष्ठ स्वतःचंच भाषण प्रश्न म्हणून करतो. अध्यक्षाने तिथे नम्रपणे आडवं यावं, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्यावा.

धोका जेवणाच्या टेबलावर असतो. “लग्न झालंय का?” “मुलं केवढी?” “नवरा इथे येईल का?” “तुम्ही मूळचे कुठले, म्हणजे आडनावावरून…” हे प्रश्न आपुलकीने विचारले जातात आणि अनेक देशांत मुलाखतीत ते विचारणं बेकायदा किंवा नियमाविरुद्ध आहे. जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगा, पाहुण्या प्राध्यापकांनाही. उमेदवाराने स्वतःहून घराबद्दल विचारलं तर उत्तर द्या, पण त्याची नोंद गुणतक्त्यात करू नका.

विद्यार्थ्यांचं मत घ्या, पण लेखी आणि नेमक्या प्रश्नांवर: काय समजलं, कुठे हरवलात, कोणता प्रश्न विचारावासा वाटला? ‘आवडले का’ असं विचारू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या दोन शिक्षकांची ओळख विद्यार्थ्यांसमोर अदलाबदल करून मांडली गेली. शिक्षक पुरुष आहे असं वाटलं तेव्हा विद्यार्थ्यांनी जास्त गुण दिले, शिकवणारा खरोखर कोणीही असो.

निर्णय

बैठकीच्या सुरुवातीला कसोट्यांचा कागद मोठ्याने वाचा. मग प्रत्येक कसोटीवर एकेक उमेदवार घ्या, एकेका उमेदवाराच्या गोष्टी सांगत बसू नका. सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलावं, विभागप्रमुखाने शेवटी. “मला आतून वाटतं” असं कोणी म्हटलं तर ते आतलं कोणत्या कसोटीत बसतं ते विचारा. बसत नसेल तर बाहेर राहू द्या. वाद झाला तर होऊ द्या. सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून सगळ्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडणं ही समित्यांची फार जुनी खोड आहे.

आतल्या उमेदवाराबद्दल एक. तुमच्याच विभागात तासिका घेणारा कोणी अर्जदार असेल तर त्याला तेच प्रश्न, तेवढाच वेळ, तेवढंच व्याख्यान. त्याची ‘आम्हाला माहिती आहे’ ही बाजू कधी जमेची असते, कधी उलट, आणि दोन्ही वेळा ती कागदावर नसते. निवड आधीच ठरलेली असेल तर बाकीच्यांचे दिवस वाया घालवू नका.

कोणीच कसोटीला उतरलं नाही तर जागा रिकामी ठेवून पुन्हा जाहिरात काढायची तयारी ठेवा. प्रशासन म्हणेल, मंजुरी जाईल. ती भीती कधी खरी असते, म्हणून पहिल्याच महिन्यात लेखी विचारून ठेवा की शोध अयशस्वी ठरला तर मंजुरीचं काय होईल.

देकार आणि पहिलं वर्ष

निवड झाल्यावर पत्रात काय असावं? शिकवण्याचे तास, पहिल्या वर्षी किती सूट, मुलाखतींचं शब्दांकन आणि संशोधन सहायकासाठी पैसे, प्रवास, डेटा साठवण्याची सुरक्षित सोय. विषमतेवर, त्यातही द्वेषयुक्त मजकुरावर काम करणाऱ्यांना ऑनलाइन छळ आणि धमक्या येतात. तेव्हा विद्यापीठ कोणाकडून आणि कसं पाठीशी उभं राहील हेही लिहून द्या. नेमणूक दोन विभागांत विभागलेली असेल तर बढतीचा निर्णय कोणाचा, बैठका कुठल्या विभागाच्या, हे सही होण्याआधी ठरलेलं असू द्या. नाहीतर दोन्हीकडचं काम पूर्ण आणि दोन्हीकडची ओळख अर्धी.

नाकारलेल्यांना वेळेवर कळवा. भेटीला आलेल्यांना अध्यक्षाने फोन करावा, बाकीच्यांना दोन ओळींचं पत्रही पुरतं. गुणतक्ते आणि कारणांची टिपणं नियमाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवा. कोणी तक्रार केली तर समितीने काय पाहिलं आणि का ठरवलं, हे त्यांवरूनच दाखवता येतं.

आणि नवा सहकारी रुजू झाला की पहिल्या वर्षी त्याला किंवा तिला विविधता समिती, तक्रार निवारण समिती, प्रवेश समिती आणि पुढची निवड समिती यांपैकी एकीवरही बसवू नका.